पायाचं वर्ष

जर्मनीतल्या डेसाउ शहरात बाउहाउस ही कलाशाळा भरात होती, त्या काळातली ही गोष्ट. योझेफ आल्बर्स नावाचे शिक्षक पहिल्या वर्षाच्या वर्गात आले ते काखेत वर्तमानपत्रांचा गठ्ठा मारून. प्रत्येकापुढे एकेक अंक टाकला आणि म्हणाले, हा कागद आत्ता जे आहे त्याहून अधिक काहीतरी करून दाखवा. कागदाचा स्वभाव ओळखा. कात्री, सुरी, गोंद यांच्यावाचून जमलं तर फारच छान. एवढं सांगून निघून गेले. काही तासांनी परतले तेव्हा जमिनीवर होड्या, विमानं, मुखवटे, किल्ले, प्राणी असा बाजार मांडलेला. आल्बर्सनी ते सगळं बालवाडीत काढलं. यातल्या बहुतेक वस्तू दुसऱ्या कशाच्याही करता आल्या असत्या, आणि जास्त चांगल्या झाल्या असत्या, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी एका हंगेरियन तरुणाच्या कामाकडे बोट दाखवलं. त्यानं कागदाला नुसत्या उभ्या घड्या घातल्या होत्या आणि तो पार्टिशनसारखा उभा करून ठेवला होता. एरवी लुळा पडणारा कागद स्वतःच्या पातळ कडेवर उभा होता आणि दोन्ही अंगांनी दिसत होता. वर्गात बसलेल्या हानेस बेकमान या विद्यार्थ्यानं ही हकीकत पुढे लिहून ठेवली, म्हणून आपल्यापर्यंत आली.

चित्र नाही, रंग नाही, नक्षी नाही. तरीही कलाशिक्षणातलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष कोणतं, हे या एका तासिकेवरून कळतं. जगभरच्या कलाशाळांमध्ये मुख्य शिक्षणाआधी एक वर्ष असतं. ब्रिटनमध्ये ती एक वर्षाची स्वतंत्र पदविका आहे, ‘फाउंडेशन डिप्लोमा इन आर्ट अँड डिझाइन’. आपल्याकडे कधीकाळी दहावीनंतरचा फाउंडेशन कोर्स म्हणून ते होतं. आता मुख्यतः बारावीनंतरच्या चार वर्षांच्या बीएफए पदवीचं पहिलं वर्ष म्हणून ते दिसतं. या वर्षात चित्रकला शिकवतात असा पालकांचा समज असतो, आणि विद्यार्थ्यांचाही. खरं तर या वर्षाची कामं दोन: शाळेत बसलेलं वळण हातातून काढून टाकणं, आणि आपल्याला नेमकं काय करायचं आहे हे शोधायला वाव देणं. पहिल्या कामाचे व्यायाम आपण बाहेरून उचलून आणले. दुसरं काम मात्र वाटेतच कुठेतरी सांडलं.

सुरुवात लंडनच्या साउथ केन्सिंग्टनपासून करायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्रिटिश सरकारला कारखान्यांसाठी नक्षीकार हवे होते. हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी त्यासाठी तेवीस पायऱ्यांचा एक अभ्यासक्रम आखला. आधी भूमितीय आकृत्या, मग छापील नक्षीची नक्कल, मग प्लास्टरच्या साच्यांवरून छायाप्रकाश, असं टप्प्याटप्प्यानं वर जायचं. एक पायरी नीट झाल्याशिवाय पुढची नाही. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये हीच शिस्त आली. आपल्या शाळांमधल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांकडे या नजरेनं पाहा: कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन, ठरावीक मापाच्या चौकटीत बसवायचं संकल्पचित्र. त्या तेवीस पायऱ्यांचं रक्त यांच्यात अजून वाहतं आहे.

या परीक्षांना मी नावं ठेवणार नाही. खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलांच्या हातात ब्रश पहिल्यांदा आला तो यांच्यामुळेच, आणि चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत जो काही मान आहे त्यातही यांचा वाटा आहे. पण स्मरणचित्राचा पेपर आठवून पाहा. विषय ‘भाजी मंडई’ असो, ‘बसस्टॉप’ असो की ‘गावची जत्रा’, फुगेवाला हजर. एक बाई पाठमोरी, कारण चेहरा काढावा लागत नाही. एक मूल बोट धरून. क्लासमध्ये घोटून घेतलेल्या या चार-पाच आकृती विषयाप्रमाणे जागा बदलतात, इतकंच. पेपराच्या नावात स्मरण आहे खरं, पण ते बाजाराचं नसतं, क्लासमधल्या फळ्याचं असतं.

नेमक्या याच घोटलेल्या हातावर इलाज म्हणून बाउहाउसचा प्राथमिक वर्ग जन्माला आला. वॉल्टर ग्रोपियसनं १९१९ मध्ये वायमार इथे ही शाळा काढली आणि त्याच वर्षी योहानेस इटेन या स्विस चित्रकाराला बोलावून घेतलं. इटेन आधी शाळामास्तर होता. त्याच्यापुढे आलेली मुलं ठिकठिकाणच्या कलाशाळांतून वेगवेगळी वळणं घेऊन आली होती. त्यानं सहा महिन्यांचा एक वर्ग सगळ्यांना सक्तीचा केला आणि तो पार पडेपर्यंत सुतारकाम, विणकाम, धातुकाम यांपैकी कुठल्याही कार्यशाळेत प्रवेश नाही असा नियम झाला. तास सुरू व्हायचा तो श्वासाच्या आणि अंग मोकळं करण्याच्या व्यायामांनी. इटेन मुंडण करायचा, झग्यासारखा पोशाख घालायचा आणि मझ्दाझ्नान नावाच्या पंथाचा कट्टर अनुयायी होता. शाळेच्या खानावळीतही त्यानं पंथाचं पथ्यपाणी आणलं. ते सोडून देऊ. व्यायाम मात्र अस्सल होते. लाकूड, काच, लोकर, पत्रा, पीस असं मिळेल ते गोळा करायचं, डोळे मिटून चाचपायचं आणि मग तो स्पर्श कोळशानं कागदावर उतरवायचा. खरखरीत आणि गुळगुळीत, जड आणि हलकं, उजेड आणि काळोख अशा विरोधांच्या जोड्या लावायच्या. १९२३ मध्ये इटेन गेला. लास्लो मोहोली-नाज आणि आल्बर्स यांनी वर्ग हाती घेतला आणि तो वर्षभराचा केला. पायाच्या वर्षाला ‘वर्ष’ ही लांबी मिळाली ती इथे.

भारताशी याची गाठ फार लवकर पडली होती. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात बाउहाउसच्या कलाकारांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. कला-इतिहासकार स्टेला क्राम्रिश यांनी इटेनला पत्र लिहून ते जमवून आणलं होतं. क्ले, कॅन्डिन्स्की आणि खुद्द इटेन यांची कामं तिथे लागली. चित्रं आली, पाहिली गेली. त्यामागचा वर्ग मात्र यायला आणखी चार दशकं जावी लागली. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली आणि बाउहाउस व तिची वारस मानली गेलेली उल्मची शाळा यांच्या धर्तीचं पायाभूत शिक्षण तिथे रुजलं. जेजेमध्ये शिकून उल्मला गेलेले सुधाकर नाडकर्णी परत आले आणि १९६९ मध्ये सुरू झालेल्या आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्राची घडण त्यांच्या हातून झाली. महाराष्ट्रात तोवर कला संचालनालय स्थापन झालं होतं. त्याच्या अभ्यासक्रमात द्विमितीय संकल्प, त्रिमितीय संकल्प, रंगाचा अभ्यास हे विषय वस्तुरेखन आणि स्मरणरेखन यांच्या शेजारी येऊन बसले. साउथ केन्सिंग्टन आणि बाउहाउस, म्हणजे एक रोग आणि दुसरा त्यावरचा इलाज. आपल्याकडे दोघं एकाच वेळापत्रकात नांदू लागले.

आता प्रत्यक्ष काय शिकायचं असतं ते जरा जवळून पाहू. बादली घ्या. साधी पत्र्याची, जमिनीवर ठेवलेली. तुम्ही समोर स्टुलावर. नवखा विद्यार्थी बादलीचं तोंड छान गोलसर काढतो आणि तळाला सरळ आडवी रेघ मारतो. कारण बादली जमिनीवर सपाट बसते हे त्याला ठाऊक असतं. डोळ्यांना दिसतं ते वेगळंच. डोळ्याची पातळी बादलीच्या वर असली, की तोंडाचं लंबवर्तुळ चपटं दिसतं आणि तळाची कड त्याहून जास्त वाकलेली दिसते, कारण ती नजरेच्या पातळीपासून आणखी खाली असते. शिक्षक येतो, पेन्सिल आडवी धरून माप घ्यायला लावतो, आणि विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला नाखूश असतो! आठवडाभर तांबे, मडकी, बादल्या काढून झाल्यावर एके दिवशी तळाची ती कड वाकते. त्या दिवसापासून माणूस ठाऊक असलेलं आणि दिसणारं यांत फरक करायला लागतो. पुढे तो जाहिरात करो, शिल्प करो की ॲनिमेशन, हा फरक जन्मभर कामाला येतो.

रंगाचंही तेच. पोस्टर कलरमध्ये पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची पट्टी करायची, हा व्यायाम ऐकायला हास्यास्पद सोपा आहे. करायला बसलं की कळतं: पहिल्या तीन पायऱ्या हव्या तशा मिळतात आणि मग एकदम अंधार पडतो, कारण काळ्याचा एक थेंबही पांढऱ्याला खाऊन टाकतो. पट्टी जमली की तिच्यातल्या मधल्या राखाडीचे सारखे तीन चौकोन कापायचे. एक काळ्या कागदावर ठेवायचा, एक पांढऱ्यावर, एक लालभडक कागदावर. काळ्यावरचा उजळ दिसतो, पांढऱ्यावरचा गडद, आणि लालवरच्या राखाडीत हिरवट झाक येते. चौकोन तोच.

यामागची गोष्ट रंगारीखान्यातली आहे. पॅरिसच्या गोब्लँ गालिचे-कारखान्यात मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. काळा धागा फिका पडतो, अशा तक्रारी त्याच्याकडे यायच्या. त्यानं रंग तपासला तर त्यात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी विणलेले निळे-जांभळे धागे त्याचा काळेपणा मारत होते. १८३९ मध्ये त्यानं त्यावर मोठा ग्रंथच लिहिला. इटेननं ते वर्गात आणलं, आणि आल्बर्सनी पुढे अमेरिकेत त्याचं वेड लावलं. एकच रंग दोन वेगळे दिसायला लावा, दोन वेगळे रंग एकच वाटायला लावा, असे त्यांचे गृहपाठ असत, आणि तेही रंग न कालवता, रंगीत कागदाच्या तुकड्यांनी. १९६३ मध्ये त्यांचं रंगांच्या परस्परसंबंधांवरचं पुस्तक निघालं. डिझाइनच्या वर्गांत ते आजही चालतं.

ब्रिटननं या वर्षाला औपचारिक चौकट दिली. तिथे रिचर्ड हॅमिल्टन आणि व्हिक्टर पासमोर हे दोघं न्यूकॅसलच्या किंग्ज कॉलेजात, म्हणजे तेव्हाच्या डरहॅम विद्यापीठात, पन्नाशीच्या दशकात ‘बेसिक डिझाइन’ शिकवत होते. बिंदू, रेषा, वाढ, आकाराची घडण हे त्यांचे विषय. १९६० मध्ये विल्यम कोल्डस्ट्रीम या चित्रकाराच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल आला. कलेतली उच्च पदविका पदवीच्या तोडीची करायची आणि तिच्याआधी सहसा एक वर्षाचा पूर्वाभ्यास असावा, असं त्यात ठरलं. त्या पूर्वाभ्यासाचाच पुढे फाउंडेशन झाला. सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. १९६८ च्या मे महिन्यात लंडनच्या हॉर्नसी कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजचा ताबा घेतला आणि कित्येक आठवडे सोडला नाही. कलाशाळेत यायला परीक्षेतले गुण कशाला, आणि पूर्वाभ्यासाच्या चाळणीत मुलं का गाळता, हे त्यांच्या रागाचे मोठे विषय होते.

रॉय ॲस्कॉट या कलाशिक्षकाचा ‘ग्राउंडकोर्स’ याच काळातला, ईलिंग आणि मग इप्सविच इथला. तो दोन वर्षांचा होता, आणि त्यात विद्यार्थ्याला आपल्या स्वभावाच्या उलट एक नवा स्वभाव आखून काही आठवडे त्यातच वावरावं लागे. लाजऱ्यानं पुढारी व्हायचं, बडबड्यानं गप्प राहायचं. ‘द हू’ या रॉक बँडचा पीट टाउनशेंड ईलिंगचा आणि संगीतकार ब्रायन ईनो इप्सविचचा विद्यार्थी. दोघंही चित्रकार झाले नाहीत.

मला या वर्षाचा हाच गुण, वाट बदलू देण्याचा, सगळ्यात मोलाचा वाटतो. जेम्स डायसन, व्हॅक्यूम क्लीनरवाला, १९६५ मध्ये लंडनच्या बायम शॉ शाळेत गेला तो चित्रकार व्हायला. शाळेचे प्रमुख होते मॉरिस डी सॉसमारेझ, ‘बेसिक डिझाइन’वरच्या गाजलेल्या पुस्तकाचे लेखक. वर्ष संपलं तेव्हा डायसन रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर शिकायला निघाला होता, आणि तिथून तो यंत्रांकडे गेला. एका वर्षानं त्याची वाट बदलली, आणि तो अठरा वर्षांचा होता म्हणून त्यात काहीच बिघडलं नाही.

आजही ब्रिटनमधल्या या पदविकेचे टप्पे याच विचारानं आखलेले असतात. पहिल्या काही आठवड्यांत विद्यार्थी फॅशन, ग्राफिक्स, त्रिमितीय काम, फाइन आर्ट, फिल्म अशा सगळ्या विभागांतून फिरतो. या टप्प्याला तिथे ‘डायग्नोस्टिक’ म्हणतात. दुखणं कुठे आहे ते शोधायचं. मग एक वाट निवडायची, तिच्यात काम करायचं, आणि शेवटी स्वतः ठरवलेल्या विषयावर मोठा प्रकल्प करून प्रदर्शनात मांडायचा. गुणांपेक्षा स्केचबुकला महत्त्व असतं. चुकलेले प्रयत्न त्यात दिसले नाहीत, तर शिक्षकांना शंका येते. पदवीचे अर्ज मात्र वर्षाच्या मध्यावरच भरावे लागतात, त्यामुळे हे शोधणं घाईचं होतं, अशी तक्रार तिथेही जुनी आहे. युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स लंडनसारख्या ठिकाणी जगभरातून मुलं या एका वर्षासाठी येतात, आपल्याकडची धरून. इंग्लंडमधल्या एकोणिसाच्या आतल्या स्थानिक मुलांना बहुतेक कॉलेजांत ही पदविका बिनाशुल्क असते. परदेशी विद्यार्थ्याला पुरं शुल्क भरावं लागतं, वर लंडनचा खर्च. इथून जाणाऱ्यानं हा हिशेब आधी मांडावा, कारण ही पदवी नव्हे. तिच्या जोरावर पुढे पदवीला प्रवेश मिळतो.

आता आपल्याकडे पाहू. बीएफएच्या पहिल्या वर्षाला विषयांची काही वाण नाही: निसर्गरेखन, वस्तुरेखन, द्विमितीय, त्रिमितीय, रंग, मुद्राचित्रण. आयव्हरी शीटला ब्लेडनं हलका काप देऊन तो वाकवायचा आणि त्यातून उठाव उभा करायचा, हा त्रिमितीयचा व्यायाम थेट आल्बर्सच्या घराण्यातला. पण शोधाचं काय? प्रवेशाच्या वेळीच मूल उपयोजित कलेला जाणार की रंगकलेला, हे सीईटीतल्या गुणांनी आणि वडिलांनी मिळून बहुतेक ठरवलेलं असतं. मुंबईत तर जेजेमध्ये दोन्हींच्या संस्थाच अनेक दशकं वेगळ्या, एकाच आवारात शेजारी शेजारी. अलीकडे २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाच्या छत्राखाली त्या एकत्र आल्या, त्याचा पहिल्या वर्षाला काही उपयोग होतो का ते दिसेल. पहिल्या वर्षी मातीकाम करताना एखाद्याला कळलं की आपला हात शिल्पाचा आहे, तर त्यानं करायचं काय? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: गप्प बसून जाहिरात शिकायची.

वाट ठरलेलीच असली, की व्यायामांचंही कर्मकांड होतं. नऊ पायऱ्यांची पट्टी डोळ्यांसाठी न होता सबमिशनसाठी होते. आदल्या रात्री मित्रांना फिलिंगला बसवून शीट पुरी करायची, माउंट करायची, सही घ्यायची. मागच्या वर्षीच्या कामांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात आणि त्रिमितीयच्या रचना बघता बघता एका साच्यातून निघायला लागतात. साच्यावरचं औषधच साचा झालं. दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. एका शिक्षकापुढे मोठा वर्ग, रिकाम्या राहिलेल्या जागा, तासावर नेमलेले तरुण शिक्षक. अशा वर्गात गठ्ठा वाटून निघून जाण्याची चैन आल्बर्सलाही परवडली नसती.

नव्या शैक्षणिक धोरणानं यात एक नवी गोष्ट आणली आहे. पदवीच्या पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक खात्यावर जमा, पुढे परत यायची सोय. म्हणजे एका वर्षाला कागदोपत्री किंमत आली. पण बाहेर पडण्याची सोय आणि वाट बदलण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलाशाखेला दुसरीची गरज जास्त आहे: पहिलं वर्ष सगळ्या शाखांना खरोखर एकत्र, आणि शाखेची निवड वर्षाच्या शेवटी, स्केचबुक पाहून. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. वेळापत्रक बदलावं लागतं, आणि विभागप्रमुखांना आपापल्या जागांवरचा हक्क थोडा सैल करावा लागतो. दुसरी अट जास्त अवघड आहे, हे मान्य.

मुलाला किंवा मुलीला कलाशाळेत घालायचा विचार असेल, तर माहितीपत्रक आणि प्लेसमेंटचे आकडे बाजूला ठेवा आणि त्या कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाला जा. ही प्रदर्शनं बहुतेक ठिकाणी सर्वांना खुली असतात. लोक शेवटच्या वर्षाच्या दालनात गर्दी करतात. तुम्ही पहिल्या वर्षाची भिंत शोधा. तीस मुलांच्या तीस रचना एकमेकींची भावंडं दिसत असतील, तर तिथे वर्ष वाया जाण्याची शक्यता मोठी. चार-दोन फसलेली, वेडीवाकडी, पण एकाही दुसऱ्या कामासारखी न दिसणारी कामं भिंतीवर लावायचं धाडस शिक्षकांनी केलेलं असेल, तर बेलाशक अर्ज भरा. आणि जमलं तर मुलांची स्केचबुकं मागून बघा. विचारल्यावर ती आनंदानं दाखवतात.